"थांबून बघू" म्हणणाऱ्यांशी काय बोलायचं?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा: महामारीत वर्षभराच्या आत नवी लस येते आणि घरातली शिकलीसवरलेली माणसंसुद्धा म्हणतात, "नवी आहे, जरा थांबून बघू." अशा लशीवर भरवसा ठेवावा का? आणि जे घेत नाहीत त्यांची समजूत काढायची तरी कशी?

मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गल्लत तिथेच होते. लसीकरणाच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकतो: थांबणारा माणूस आणि नाकारणारा माणूस हे दोन वेगळे लोक आहेत. पहिल्याला उत्तर हवं असतं. दुसऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. आपण मात्र दोघांनाही "लसविरोधक" म्हणून एकाच दावणीला बांधतो आणि पहिल्यालाही हकनाक गमावून बसतो.

कोविडच्या वेळी हे आकड्यांत दिसलं. अमेरिकेत केएफएफ ही आरोग्यविषयक पाहण्या करणारी संस्था लोकांना लशीबद्दल सातत्याने विचारत होती. लस यायच्या वेळी, डिसेंबर २०२० मध्ये, ३९ टक्के प्रौढ म्हणत होते, "थांबून बघू." १५ टक्के म्हणत होते, "अजिबात घेणार नाही." जुलै २०२१ मध्ये थांबून बघणारे १० टक्क्यांच्या आसपास उरले. "अजिबात नाही"वाले होते तिथेच, १४ टक्क्यांवर. म्हणजे सात महिन्यांत जो काही बदल झाला तो जवळजवळ सगळा मधल्या गटात झाला. शेजारच्याने घेतली, ऑफिसातल्या दोघांनी घेतली, एक दिवस अंग दुखलं, ताप आला, उतरला, माणूस कामावर हजर. हे पाहून ते तयार झाले. आपण मात्र सगळी ताकद लावतो ती टीव्हीवर तावातावाने भांडणाऱ्या १४ टक्क्यांशी वाद घालण्यात. ३९ टक्के शांतपणे बसलेले असतात, त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

आता पहिला प्रश्न. घाई झाली का?

कोरोना विषाणूची जनुकीय माहिती जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली. मॉडर्नाच्या लशीचा पहिला डोस स्वयंसेवकाला १६ मार्चला दिला गेला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ब्रिटनने फायझरच्या लशीला मंजुरी दिली. त्याआधी सगळ्यात झटपट तयार झालेली म्हणून गालगुंडाच्या लशीचं नाव घेतलं जायचं, तिलाही साठच्या दशकात चार वर्षं लागली होती. तेव्हा माणसाच्या मनात शंका येणं अगदी रास्त आहे. पण वेळ कुठे वाचला ते नीट पाहायला हवं. या लशींमध्ये एमआरएनए असतं, म्हणजे विशिष्ट प्रथिन कसं बनवायचं याची पेशींना दिलेली सूचना. ते शरीरात गेल्यावर जो दाह होत असे तो कसा टाळायचा, हे कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं. त्याच कामासाठी २०२३ चं नोबेल मिळालं. विषाणूच्या पृष्ठभागावरचं काटेरी प्रथिन योग्य आकारात कसं धरून ठेवायचं, हे कोरोनाच्याच कुळातल्या मर्सच्या विषाणूवर काम करताना आधीच उलगडलं होतं. प्रयोगशाळेतला सगळ्यात लांबचा टप्पा असा पूर्वीच पार पडलेला होता.

उरलेला वेळ वाचला तो पैशामुळे आणि साथीमुळे. एरवी चाचणीचा एक टप्पा संपतो, मग निधीची वाट पाहिली जाते, मग परवानगीची, मग पुढचा टप्पा. या वेळी टप्पे एकमेकांत गुंफले गेले आणि चाचणीचा निकाल लागण्याआधीच कारखान्यात डोस भरायला सुरुवात झाली. लस निकामी ठरली असती तर ते सगळे डोस फेकून द्यावे लागले असते. तो धोका पैशाचा होता, लस घेणाऱ्याच्या जिवाचा नव्हता. आणि साथ जोरात असल्याने निकालही लवकर लागला. फायझरच्या चाचणीत सुमारे ४३ हजार लोक होते, निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं हे ना त्यांना ठाऊक, ना त्यांची तब्येत तपासणाऱ्यांना. कोविडचे १७० रुग्ण झाल्यावर हिशोब उघडला. १६२ मिठाच्या पाण्याच्या गटातले होते, ८ लशीच्या गटातले. साथ मंद असती तर हेच १७० रुग्ण जमायला कदाचित तीन वर्षं गेली असती.

लस चालते का, याचं उत्तर त्यामुळे लवकर आणि स्पष्ट मिळालं. मात्र प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तेव्हा मिळालं नव्हतं, आणि हे लोकांना सांगायला आपण कचरतो. त्या चाचणीत लस मिळालेले साधारण २२ हजार. एखादा दुष्परिणाम त्यांच्यापैकी एकालाही झाला नाही, तरी संख्याशास्त्र आपल्याला एवढंच म्हणू देतं की तो सुमारे सात हजारांत एकापेक्षा जास्त वेळा होत नसावा. लाखात एखाद्याला होणारी गोष्ट तिथे दिसणारच नाही. ती दिसते लाखो, कोटी लोकांना लस दिल्यावर. संरक्षण किती महिने टिकेल, हेही पहिल्या दिवशी कोणालाच माहीत नसतं. "पूर्णपणे सुरक्षित, काहीही होणार नाही" असं वाक्य कुठल्याही नव्या लशीबद्दल बोलू नये. ते खरं नसतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते खरं वाटत नाही.

डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या लोकांवर या संदर्भात एक प्रयोग झाला होता. एका काल्पनिक लशीची माहिती काहींना स्पष्ट शब्दांत दिली, उणिवांसकट. काहींना गुळमुळीत, नुसता दिलासा देणारी. स्पष्ट उणिवा ऐकलेल्यांची तयारी थोडी कमी झाली, हे खरं. पण गुळमुळीत बोलण्याने तयारी वाढलीच नाही, उलट आरोग्य यंत्रणेवरचा विश्वास उतरला आणि कटकारस्थानांवरचा वाढला. माझा स्वतःचा अनुभव याहून वेगळा नाही. आज एक माणूस कमी आला तरी चालेल. तो पुढच्या वेळी आपल्यावर विश्वास ठेवेल का, हे जास्त महत्त्वाचं.

दुर्मिळ दुष्परिणाम खरोखर निघतात, आणि ते निघाल्यावर यंत्रणा काय करते यावर पुढचं सगळं ठरतं. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत युरोपात दिलेल्या पँडेमरिक्स या लशीनंतर काही मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, झाल्याचं २०१० मध्ये फिनलंड आणि स्वीडनमध्ये लक्षात आलं. २०२१ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घटून रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रकार समोर आले. ब्रिटनच्या नोंदींनुसार पन्नाशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण साधारण ५० हजारांत एक होतं. एमआरएनए लशींच्या दुसऱ्या डोसनंतर तरुण मुलांमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचे प्रकार झाले. बहुतेक जण बरे झाले, पण हे घडलं आणि ते सांगायलाच हवं.

५० हजारांत एक हा आकडा नुसता ऐकला तर घाबरवतो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. कोविडच्या पहिल्या वर्षातल्या अभ्यासांवरून, विषाणूची लागण झालेल्या २५ वर्षांच्या माणसाच्या मृत्यूची शक्यता १० हजारांत एकाच्या आसपास होती. ६५ व्या वर्षी ती शंभरात जवळजवळ दीड. ६५ वर्षांच्या माणसासाठी गुठळीच्या भीतीने लस टाळणं म्हणजे लहान धोक्याला घाबरून शेकडो पट मोठा धोका पत्करणं. २५ वर्षांच्या निरोगी माणसासाठी, साथ ओसरलेली असताना आणि दुसरी लस हाताशी असताना, हिशोब इतका एकतर्फी नाही. ब्रिटनने म्हणूनच एप्रिल २०२१ मध्ये तिशीच्या आतल्यांना आणि मे महिन्यात चाळिशीच्या आतल्यांना ॲस्ट्राझेनेकाऐवजी दुसरी लस सुचवली. काहींनी त्याचा अर्थ "बघा, लस वाईटच होती" असा लावला. मी उलटा अर्थ लावतो: नोंदी ठेवल्या जात होत्या, कोणीतरी त्या वाचत होतं, आणि वाचून सल्ला बदलत होतं. ज्या लशीबद्दल कधीच काही वाईट ऐकू येत नाही, तिच्या नोंदी कोणी ठेवतंय का, असा प्रश्न मला आधी पडतो.

याची दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. लस घेतल्यावर घडलेली प्रत्येक गोष्ट लशीमुळे घडलेली नसते. १९७६ साली अमेरिकेत फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर स्वाइन फ्लूचा विषाणू सापडला आणि १९१८ च्या फ्लूच्या महासाथीची पुनरावृत्ती होईल या धास्तीने सगळ्या देशाला लस द्यायचं ठरलं. ऑक्टोबरमध्ये मोहीम सुरू होते न होते तोच पिट्सबर्गमध्ये लस घेतलेले तीन वृद्ध काही तासांत दगावले. काही राज्यांनी लसीकरण थांबवलं. तपासात त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पुढे मात्र गियाँ-बारे हा नसांचा आजार लाखामागे साधारण एका जास्तीच्या माणसाला होत असल्याचं दिसलं, आणि हा संबंध खरा होता. डिसेंबरमध्ये मोहीम गुंडाळली, तोवर सुमारे साडेचार कोटी लोकांना लस देऊन झाली होती. साथ आलीच नाही. एक धास्ती खोटी, एक खरी, आणि बातमीत दोन्ही सारख्याच दिसल्या.

दोन्हींतला फरक कळायला लस नसतानाचा हिशोब हाताशी हवा. समजा, एका वयोगटात वर्षाला शंभरातले पाच जण एरवीही दगावतात. अशा दहा लाख वृद्धांना एका दिवसात लस दिली, तर लशीने काहीही न करता पुढच्या आठवड्यात साडेनऊशेहून अधिक मृत्यू होतील. प्रत्येक घराला वाटेल, काल सुई टोचली आणि आज माणूस गेलं. त्या घराचं दुःख खरं असतं. त्यांना "योगायोग होता" असं दारातून सांगून निघून जाणाऱ्याबद्दल माझ्या मनात आदर नाही. प्रत्येक मृत्यूची नोंद घ्यायची, चौकशी करायची, निष्कर्ष त्या घरापर्यंत पोहोचवायचा. आणि हा वर केलेला हिशोब मोहीम सुरू होण्याआधी जाहीर करायचा. नंतर केला तर ती सारवासारव वाटते.

महामारीवरच्या नव्या लशीबद्दलची ही घालमेल काही आजची नाही. मुंबईतल्या प्लेगच्या साथीत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी तयार केलेली लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक बिचकतच होते, कारण क्वारंटाइन आणि घरझडत्यांमुळे सरकारच्या हातची कुठलीच गोष्ट त्यांना नको होती. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस दिलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना निलंबित केलं गेलं. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि दूषित झाला होता, म्हणजे चूक गावात झाली होती, हे मान्य व्हायला आणि त्यांच्यावरचा ठपका जायला काही वर्षं गेली. लस चांगली होती. देण्याची पद्धत चुकली आणि बदनाम लस झाली.

अविश्वासाला बऱ्याचदा खरी कारणं असतात, हे लस देणाऱ्यांनी विसरू नये. अमेरिकेत टस्किगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार उपचार न करता नुसता पाहिला गेला. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी अबोटाबादमध्ये लसीकरणाची खोटी मोहीम चालवली गेली; ती उघड झाल्यावर पाकिस्तानात पोलिओच्या कामाला जबर फटका बसला आणि तिथल्या लसीकरण कर्मचाऱ्यांनी त्याची किंमत जिवानिशी मोजली. अशा समाजातल्या माणसाला "विज्ञानावर विश्वास ठेवा" म्हणून भागत नाही. त्याचा प्रश्न विज्ञानाला नसतोच, तो सुई हातात धरणाऱ्याला असतो.

आता समजूत काढण्याबद्दल. एक काका पत्नीला घेऊन लसीकरण केंद्रावर आले होते. स्वतः घेणार नाही म्हणाले, "घाईत बनवलीय." मी एमआरएनएबद्दल काहीच बोललो नाही. विचारलं, "काका, तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटतेय?" थोडा वेळ ते इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "मला स्टेंट बसवलाय. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. सुई टोचली आणि रक्त थांबलंच नाही तर?" लशीच्या घाईचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता, पण ते वाक्य बोलायला सोपं होतं. त्यांना सांगितलं, सुई बारीक असते, टोचल्यावर जागा चोळायची नाही, दोन मिनिटं घट्ट दाबून धरायची, गोळी मनाने बंद करायची नाही, फार तर दंड काळानिळा होईल. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही घेतली का?" घेतली होती. त्या रात्री थंडी वाजून ताप आला होता, तेही सांगितलं. त्या दिवशी त्यांनी घेतली नाही. पुढच्या आठवड्यात मुलीला सोबत घेऊन आले.

बहुतेक वेळा असंच असतं. "परदेशी कंपनीचा कट आहे" म्हणणारी बाई गरोदर राहण्याचा विचार करत असते आणि ते चारचौघांत विचारता येत नाही. "मला काही होत नाही" म्हणणाऱ्या तरुणाला सुईची भीती वाटते. म्हणून आधी प्रश्न, मग ऐकून घेणं, मग "मला जेवढं माहीत आहे ते सांगू का?" अशी परवानगी, आणि मग फक्त त्या एका शंकेचं उत्तर. दहा मुद्द्यांचं भाषण नको. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात बाळंतपणानंतर दवाखान्यातच आईशी अशा पद्धतीने बोललं गेलं, तेव्हा बाळाला लस देण्याची तयारी वाढली आणि प्रत्यक्ष लसीकरणही वाढलं. घरातल्या माणसांशी बोलताना एक पथ्य पाळा: भावकीसमोर, कुटुंबाच्या ग्रुपवर वाद घालू नका. सगळ्यांसमोर "नाही" म्हटलेल्या माणसाला नंतर "हो" म्हणणं जड जातं.

दुष्परिणाम आधीच सांगितले तर लोक पळतील, असं काही सहकाऱ्यांना वाटतं. कोविड लशींच्या चाचण्या एकत्र अभ्यासल्या गेल्या तेव्हा लशीऐवजी मिठाचं पाणी टोचलेल्यांपैकीही ३५ टक्क्यांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी सांगितल्या होत्या. धास्तीही शरीरात लक्षणं उभी करते. म्हणून काय होईल, किती वेळ राहील आणि कशासाठी डॉक्टरकडे धाव घ्यायची, हे तिन्ही स्पष्ट सांगा. अंगदुखी, ताप एक-दोन दिवस; छातीत दुखणं, धाप लागणं, काही दिवसांनी सुरू झालेली आणि न थांबणारी डोकेदुखी असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

सक्तीबद्दल मला विचारलं जातंच. फ्रान्समध्ये २०२० च्या अखेरीला पाहण्यांमध्ये जेमतेम ४० टक्के लोक लस घ्यायला तयार होते. १२ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी हॉटेलं, रेल्वे वगैरेंसाठी आरोग्य पासची, म्हणजे लस किंवा चाचणी वगैरेंच्या दाखल्याची, घोषणा केली आणि दिवसभरात ९ लाखांहून अधिक लोकांनी लशीसाठी वेळ राखून ठेवली. म्हणजे चालढकल करणाऱ्यांवर सक्ती काम करते, हे नाकारता येत नाही. तरी माझ्या मते ती अगदी शेवटी, आणि रुग्णालयात, वृद्धाश्रमात काम करणाऱ्यांपुरती असावी. कारण सक्तीने सुईसाठी हात मिळतो, मन मिळत नाही, आणि पुढच्या साथीत त्याच माणसाकडे आपल्याला पुन्हा जायचं असतं. सक्तीच्या आधी केंद्र जवळ आणा, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी उघडं ठेवा, दुसऱ्या दिवशी ताप आला तर पगारी रजा द्या. रोजंदारीवरचा माणूस "बघू नंतर" म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याला लशीची नाही, बुडणाऱ्या रोजाची चिंता असते.

शेवटी, तुम्ही स्वतः थांबावं का? वय साठच्या पुढे असेल, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा घरात असं कोणी असेल, तर थांबू नका. "लाट आली की घेऊ" हा हिशोब फसवा आहे: दोन डोसांमध्ये किमान तीन-चार आठवडे, त्यानंतर संरक्षण पुरतं तयार व्हायला दोन आठवडे. लाट दिसल्यावर निघालात तर ती ओसरताना पोहोचाल. पूर्वी एखाद्या लशीची तीव्र ॲलर्जी आली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. तरुण आणि निरोगी असाल आणि काही आठवडे नोंदी पाहून ठरवायचं असेल, तर तुम्हाला मी मूर्ख म्हणणार नाही. फक्त कशाची वाट पाहताय ते आधीच ठरवा. लाखो लोकांच्या पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी यायची वाट पाहत असाल, तर ते कारण योग्य आहे, कारण लशींचे बहुतेक गंभीर दुष्परिणाम पहिल्या सहा ते आठ आठवड्यांतच दिसतात. त्या नोंदी आल्या की मात्र वाचा, आणि त्याच आठवड्यात हो किंवा नाही ठरवा.